औषध लागू पडेल का? मेसोथेलिओमा आणि प्रथिनांच्या खुणा

मेसोथेलिओमाच्या रुग्णाला केमोथेरपी सुरू करताना डॉक्टर जो आकडा सांगतात, तो त्या रुग्णाचा नसतो. तो २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीतल्या साडेचारशे अनोळखी माणसांचा असतो. निकोलस व्होगेलझँग आणि सहकाऱ्यांच्या त्या चाचणीत सिसप्लॅटिनच्या जोडीला पेमेट्रेक्सेड दिले, तेव्हा ४१ टक्के रुग्णांची गाठ आक्रसली. नुसत्या सिसप्लॅटिनने हे प्रमाण जेमतेम १७ टक्के होते. निम्मे रुग्ण ज्या मुदतीपलीकडे जगतात तिला मध्यक आयुर्मान म्हणतात. ते ९.३ महिन्यांवरून १२.१ महिन्यांवर गेले. पुढच्या वर्षी अमेरिकेत या जोडीला मान्यता मिळाली आणि त्यानंतर सुमारे सोळा वर्षे जगभर पहिला उपचार म्हणून हीच जोडी दिली गेली.

४१ टक्के म्हणजे दहांपैकी चार. उरलेल्या सहांमध्ये काहींचा आजार निदान काही काळ थोपतो, काहींचा तेवढाही थोपत नाही. मळमळ, थकवा, मूत्रपिंडावरचा ताण, रक्तपेशींची घसरण मात्र दहाही जणांच्या वाट्याला कमीअधिक येते. ज्याच्यापुढे वर्ष-दीड वर्षाचाच काळ आहे, त्याच्या दृष्टीने केमोच्या फेऱ्यांत जाणारे तीन-चार महिने ही मोठी किंमत आहे. म्हणून गेली वीस वर्षे संशोधक एकाच प्रश्नाच्या मागे आहेत: उपचारापूर्वी काढलेल्या गाठीच्या तुकड्यात एखादे प्रथिन असे सापडेल का, की ज्याच्या प्रमाणावरून औषध लागू पडणार की नाही हे आधीच सांगता येईल?

निष्कर्ष आधीच सांगून टाकतो. असे एकही प्रथिन आजवर खरे उतरलेले नाही. पण ही नुसती अपयशाची यादी नाही. कल्पना चांगल्या होत्या, प्रयोगशाळेत त्या चाललेल्या दिसत होत्या, मोठमोठ्या नियतकालिकांत छापून आल्या होत्या. त्या कुठे आणि का अडखळल्या हे पाहण्यासारखे आहे, कारण कर्करोगाच्या ‘व्यक्तिगत उपचारा’ची जी जाहिरात आपण रोज वाचतो, तिची खरी परीक्षा अशा आडवाटेच्या आजारातच होते.

आजाराविषयी थोडक्यात. मेसोथेलिओमा बहुतेक वेळा फुफ्फुसाभोवतीच्या पातळ आवरणात उद्भवतो, क्वचित पोटाच्या आवरणात. मुख्य कारण अ‍ॅस्बेस्टॉस. दक्षिण आफ्रिकेच्या उत्तर केप भागातल्या निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणींशी या आजाराचा संबंध क्रिस वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी १९६० साली ३३ रुग्णांच्या नोंदींवरून दाखवला. धूळ छातीत गेल्यापासून आजार दिसेपर्यंत वीस ते पन्नास वर्षे जातात, त्यामुळे रुग्ण बहुधा सत्तरीच्या आसपासचा असतो. दम लागतो, छातीत पाणी साचते. शस्त्रक्रियेवर पूर्वी बराच भरवसा होता. पण ब्रिटनमधल्या ‘मार्स-२’ चाचणीने २०२४ साली दाखवले की, केमोबरोबर मोठी शस्त्रक्रिया झालेल्यांचे मध्यक आयुर्मान १९.३ महिने होते आणि फक्त केमो घेतलेल्यांचे २४.८. म्हणजे बहुतेकांसाठी भिस्त औषधावरच, आणि ते कोणाला लागू पडेल याला अधिकच महत्त्व.

या सगळ्या संशोधनात एक गल्लत वारंवार झाली आहे. काही खुणा आजाराचा कल सांगतात: ही गाठ सावकाश वाढणारी आहे, ती झपाट्याने. काही खुणा औषधाचा गुण सांगतात: या गाठीवर अमुक औषध चालेल, तमुक नाही. रुग्णाला उपयोगाची दुसरी. पण पहिली खूण दुसरीसारखी दिसते. समजा, औषध घेतलेल्या शंभर जणांत एखादे प्रथिन कमी असलेले लोक जास्त जगले. ते औषधामुळे जगले, की त्यांची गाठ मुळातच सौम्य होती? हे ठरवायचे तर तेच प्रथिन औषध न घेतलेल्या गटातही मोजावे लागते. मेसोथेलिओमाच्या अशा खुणांवरचे, म्हणजे मार्करवरचे, बहुतेक अभ्यास एकाच रुग्णालयातल्या, एकच औषध घेतलेल्या, जुन्या कपाटातल्या नमुन्यांवर झालेले आहेत. तुलनेचा गट नाही. त्यामुळे निष्कर्ष कितीही ठळक असला तरी तो कुठल्या प्रकारचा हे कळत नाही.

सर्वांत जास्त शाई थायमिडिलेट सिंथेस या प्रथिनावर खर्च झाली आहे. संशोधक त्याला टीएस म्हणतात. पेमेट्रेक्सेडचा जन्म प्रिन्स्टन विद्यापीठातल्या एडवर्ड टेलर यांच्या प्रयोगशाळेतला. फुलपाखरांच्या पंखांतल्या रंगद्रव्यांच्या रसायनशास्त्रापासून टेलर फॉलिक आम्लाकडे वळले आणि पुढे एली लिली कंपनीबरोबर त्यांनी हे औषध घडवले. हे औषध दिसायला फॉलिक आम्लासारखे, पण वागायला त्याच्या उलट. पेशीला डीएनए तयार करताना फॉलेटवर चालणारी तीन महत्त्वाची विकरे लागतात. पेमेट्रेक्सेड तिन्हींना अडवते, आणि त्यांतला मुख्य बळी टीएस. आता तर्क सरळ आहे. गाठीत टीएस कमी असेल तर थोड्या औषधाने तो सगळा अडेल आणि पेशी मरेल. टीएस भरपूर असेल तर औषध पुरे पडणार नाही.

या तर्काला फुफ्फुसाच्या कर्करोगातून पाठबळही मिळाले होते. तिथल्या स्क्वॅमस प्रकारच्या गाठींत टीएस जास्त असतो, आणि जॉर्जिओ स्कॅलिओटी यांच्या २००८ सालच्या मोठ्या चाचणीत पेमेट्रेक्सेड नेमके त्याच प्रकारात कमी पडले. मग इटलीच्या तोरिनो शहरातल्या गटाने मेसोथेलिओमाकडे मोहरा वळवला. तोरिनो पिएमोंते प्रांतात आहे, आणि अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या कारखान्याने ज्या गावाची पिढीच्या पिढी गारद केली ते कासाले मोंफेर्रातोही त्याच प्रांतातले. लुइझेला रिगी आणि सहकाऱ्यांनी २०१० साली पेमेट्रेक्सेड घेतलेल्या रुग्णांच्या गाठींत टीएसचे प्रथिन मोजले. कमी टीएस असलेल्यांचा आजार पुन्हा बळावायला १७.९ महिने लागले, जास्त असलेल्यांचा ७.९. मध्यक आयुर्मान ३० महिने विरुद्ध १६.७. कर्करोगाच्या जगात हा फरक डोळे दिपवणारा आहे. पुढच्याच वर्षी मिलानजवळच्या गटाने, पाओलो झुकाली आणि सहकाऱ्यांनी, पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन घेतलेल्यांत कमी टीएसचा फायदा दाखवला.

औषधाच्या वाटेवरच्या दुसऱ्या एका प्रथिनाचेही नाव याच सुमारास पुढे आले. पेमेट्रेक्सेड पेशीत शिरल्यावर एफपीजीएस नावाचे विकर त्याला ग्लुटामेटची शेपटी जोडते. शेपटी लागली की औषध बाहेर पडू शकत नाही आणि त्याचा जोरही वाढतो. म्हणजे एफपीजीएस जास्त, तर औषध जास्त काळ आत. डॅनिएल क्रिस्टोफ आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली तसा संबंध मेसोथेलिओमात दाखवला.

आणि २०१३ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या गटाने हीच दोन्ही प्रथिने आपल्या रुग्णांत तपासून निबंधाच्या शीर्षकातच निकाल देऊन टाकला: टीएस आणि एफपीजीएस हे पेमेट्रेक्सेडच्या परिणामाचे वैद्यकीयदृष्ट्या उपयोगी मार्कर नाहीत. तेच प्रथिन, तेच औषध, तोच आजार, आणि उत्तर उलटे.

असे का व्हावे? तांत्रिक कारणे पुढे येतीलच, पण टीएसच्या बाबतीत एक जीवशास्त्रीय कारणही आहे. टीएस हे पेशीविभाजनाचे यंत्र आहे. भराभर विभागणाऱ्या गाठीत ते जास्त असणारच, आणि भराभर विभागणारी गाठ कुठल्याही औषधाला न जुमानता लवकर बळावणार. म्हणजे तोरिनोच्या आकड्यांतला काही भाग औषधाचा गुण असेल आणि काही भाग आजाराचा कल. दोन्ही वेगळे काढायला लागणारी तुलना त्या अभ्यासांच्या रचनेतून पुरेशी मिळत नव्हती. माझ्या मते टीएसची कल्पना चुकीची ठरलेली नाही. ती नीट तपासलीच गेली नाही, आणि आता तपासायची वेळ बहुधा निघून गेली आहे.

ईआरसीसी-१ची कथा वेगळी आहे, आणि मला ती या विषयातली सर्वांत बोधप्रद वाटते.

सिसप्लॅटिन हे प्लॅटिनमचे संयुग. बार्नेट रोझेनबर्ग १९६० च्या दशकात जिवाणूंवर विजेचा परिणाम पाहत होते. विजेऐवजी प्लॅटिनमच्या अग्रांतून सुटलेल्या संयुगांनीच जिवाणूंचे विभाजन थांबवले, आणि त्यातून १९७८ साली मान्यता मिळालेले औषध हाती आले. सिसप्लॅटिन डीएनएच्या धाग्यांत गाठी मारते. त्या कापून काढणारी एक दुरुस्ती-यंत्रणा पेशीत असते आणि ईआरसीसी-१ हा तिचा आवश्यक भाग. दुरुस्ती करणारा कमी तर औषध जास्त चालेल, हा तर्क टीएसइतकाच सुबक. फुफ्फुसाच्या कर्करोगात ओलाउसेन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली ७६१ गाठी तपासून तो खरा असल्याचे दाखवले: ईआरसीसी-१ नसलेल्यांना शस्त्रक्रियेनंतरच्या सिसप्लॅटिनचा फायदा झाला, असलेल्यांना नाही. आणि हा अभ्यास तुलनेचा गट असलेल्या चाचणीतल्या नमुन्यांवर होता, म्हणजे वर सांगितलेली उणीवही त्यात नव्हती. मेसोथेलिओमात कोपनहेगनच्या गटाने २०१२ साली सिसप्लॅटिन आणि व्हिनोरेलबिन घेतलेल्यांत ईआरसीसी-१ कमी असेल तर आजार जास्त काळ थोपतो, असा निष्कर्ष काढला.

मग २०१३ साली ओलाउसेन यांच्याच फ्रेंच गटातल्या लुक फ्रिबुले आणि सहकाऱ्यांनी स्वतःच्याच कामाची उलटतपासणी केली. दुसऱ्या दोन चाचण्यांतल्या ४९४ रुग्णांचे नमुने घेतले. जुना निष्कर्ष मिळाला नाही. म्हणून मूळ चाचणीतलेच ५८९ नमुने, प्रथिनाला चिकटून रंग दाखवणाऱ्या त्याच अँटिबॉडीने पुन्हा रंगवले. तेव्हाही पूर्वीसारखे आले नाहीत. अँटिबॉडीचे नाव तेच होते, ८एफ१, पण बॅच नवी होती आणि ती वेगळी वागत होती. मग बाजारातल्या १६ अँटिबॉडी आणून पाहिल्या. पेशीत ईआरसीसी-१ चार रूपांत असते, आणि त्यांतले एकच रूप डीएनएची दुरुस्ती करू शकते. सोळांतली एकही अँटिबॉडी ते एक रूप इतर तिघांपासून वेगळे ओळखू शकत नव्हती. म्हणजे स्लाइडवर तपकिरी रंग दिसत होता, पण तो रंग कामाच्या प्रथिनाचा की बिनकामाच्या, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

आपलाच गाजलेला निष्कर्ष त्याच नियतकालिकात खोडून काढायला धारिष्ट लागते. पण त्याचा हिशेब पुढे न्यायला हवा. मेसोथेलिओमातले ईआरसीसी-१वरचे जे अभ्यास त्याआधी झाले, ते याच प्रकारच्या अँटिबॉडींवर उभे आहेत. त्यांचे निष्कर्ष चूक असतीलच असे नाही. पण त्यांच्यावर आता कोणाचा उपचार ठरवता येणार नाही.

रंगवण्याच्या या पद्धतीत आणखीही पाणी मुरते. पॅथॉलॉजिस्ट किती पेशी रंगल्या आणि किती गडद रंगल्या यांचा गुणाकार करून शून्य ते तीनशे असा गुण देतो. ‘जास्त’ आणि ‘कमी’ यांची रेघ कुठे मारायची? बहुतेक अभ्यासांत ती आपल्याच रुग्णांच्या मध्यकावर मारलेली असते, म्हणजे एका शहरातला ‘कमी’ दुसऱ्या शहरात ‘जास्त’ ठरू शकतो. शिवाय मेसोथेलिओमाची गाठ सगळीकडे सारखी नसते, आणि तपासणीला मिळतो तो काही मिलिमीटरचा तुकडा. तो दहा वर्षे फॉर्मलिन आणि मेणात पडून राहिलेला असेल तर प्रथिनांची रंग घेण्याची ताकदही बदललेली असते.

दुसरी मोजपट्टीही वाकडीच आहे. औषध ‘लागू पडले’ हे ठरवायचे कशावरून? बहुतेक कर्करोगांत गाठ कमीअधिक गोल असते, तिचा व्यास मोजता येतो. मेसोथेलिओमा संत्र्याच्या सालीसारखा फुफ्फुसाभोवती पसरत जातो. म्हणून ऑस्ट्रेलियातले बर्न आणि नोवाक यांनी २००४ साली सुधारित निकष दिले: छातीच्या भिंतीशी काटकोनात, सीटी स्कॅनच्या तीन पातळ्यांवर, प्रत्येक ठिकाणी दोन जागी जाडी मोजायची, बेरीज ३० टक्क्यांनी घटली तर प्रतिसाद आला म्हणायचे. कागदावर ठीक. प्रत्यक्षात दोन रेडिओलॉजिस्ट दोन वेगळ्या जागा निवडतात, आणि काही मिलिमीटरच्या फरकाने रुग्ण एका रकान्यातून दुसऱ्यात जातो. एका टोकाला डळमळीत अँटिबॉडी, दुसऱ्या टोकाला डळमळीत जाडी. मधला संबंध ठाम निघाला असता तरच आश्चर्य.

यातली एक कल्पना मात्र रीतसर तपासली गेली. व्हिनोरेलबिन पेशीच्या विभाजनातला सांगाडा मोडते. बुसाका, फेनेल आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवले की, या औषधाने मेसोथेलिओमाच्या पेशी मरायच्या तर त्यांच्यात बीआरसीए-१ हे प्रथिन असावे लागते. बीआरसीए-१ नाही, तर पेशी औषधाला दाद देत नाही. ब्रिटनमध्ये पुढे ‘व्हिम’ नावाची चाचणी झाली. केमो होऊन आजार पुन्हा बळावलेले १५४ रुग्ण. काहींना व्हिनोरेलबिन, काहींना फक्त लक्षणांवरचे उपचार. २०२२ सालच्या निकालानुसार आजार थोपण्याचा काळ २.८ महिन्यांवरून ४.२ महिन्यांवर गेला. औषधाचा थोडा का होईना, गुण दिसला. बीआरसीए-१ च्या प्रमाणावरून मात्र कोणाला गुण येईल हे सांगता आले नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत जे खरे होते ते माणसात ठरले नाही. मला हा निकाल नकारात्मक असूनही या क्षेत्रातल्या अनेक सकारात्मक निबंधांपेक्षा मोलाचा वाटतो, कारण इथे प्रश्नाला उत्तर मिळाले.

गाठीचा तुकडा काढण्यापेक्षा रक्त काढणे सोपे, म्हणून रक्तातल्या प्रथिनांचाही पाठपुरावा झाला. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या विटेनूम इथे निळ्या अ‍ॅस्बेस्टॉसची खाण होती. ती १९६६ साली बंद पडली, पण तिचे रुग्ण पर्थच्या रुग्णालयांत पुढची अनेक दशके येत राहिले. तिथल्या ब्रूस रॉबिन्सन यांच्या गटाने २००३ साली मेसोथेलिन या प्रथिनाचा विरघळणारा भाग ४४ पैकी ३७ रुग्णांच्या रक्तात वाढलेला दाखवला. त्यावर आधारलेल्या चाचणीला अमेरिकेत २००७ साली मर्यादित मान्यता मिळाली. कशासाठी, ते पाहा: आजारावर देखरेख ठेवण्यासाठी, भाकितासाठी नव्हे. केमो चालू असताना मेसोथेलिन उतरत गेले तर गाठ आक्रसते आहे असे मानायला आधार मिळतो. पण हे कळते औषध सुरू झाल्यावर. त्यातही मूत्रपिंड मंदावले की मेसोथेलिन आपोआप वाढते, आणि सिसप्लॅटिन मूत्रपिंडाला त्रास देणारे औषध आहे. लांबट पेशींच्या सारकोमॅटॉइड प्रकारच्या गाठी तर मेसोथेलिन जवळपास बनवतच नाहीत. ऑस्टिओपाँटिन आणि फिब्युलिन-३ यांचा असाच गाजावाजा २००५ आणि २०१२ साली झाला. दुसरीकडच्या रुग्णांत फिब्युलिन-३ मेसोथेलिनच्या तुलनेत फिकेच पडले.

बॅप-१ या प्रथिनाकडे अलीकडे सर्वांचे लक्ष आहे, आणि ते योग्यच आहे. ज्यांच्या घराण्यात मेसोथेलिओमाचे अनेक रुग्ण होते अशा दोन अमेरिकन कुटुंबांत या जनुकातला वंशागत बिघाड २०११ साली सापडला. पुढे लक्षात आले की, वंशागत नसलेल्या गाठींतही निम्म्याहून अधिक वेळा हे प्रथिन नाहीसे झालेले असते. निदानासाठी त्याचा उपयोग मोठा आहे. फुफ्फुसाच्या आवरणाला आलेली साधी सूज आणि कर्करोग यांत पॅथॉलॉजिस्ट गोंधळला, तर बॅप-१ चा किंवा एमटॅप या दुसऱ्या प्रथिनाचा रंग गेलेला दिसला की शंका मिटते. पण केमोचे भाकीत? वंशागत बिघाड असलेले रुग्ण प्लॅटिनमच्या उपचारानंतर जास्त जगतात असे दिसते. पण त्यांचा आजार मुळातच सावकाश चालतो का, हा जुना प्रश्न इथेही आडवा येतो. बॅप-१ हरवलेल्या पेशी जेमसिटाबिन या केमोच्या औषधाला कमी दाद देतात असे बशीतल्या प्रयोगांत दिसले आहे. बशीतल्या प्रयोगांविषयी वर लिहिलेच आहे.

एएसएस-१ ची हकिगत मात्र चक्रावून टाकते. हे प्रथिन नसलेली पेशी आर्जिनिन हे अमिनो आम्ल स्वतः बनवू शकत नाही, रक्तातून उचलते. मग रक्तातलेच आर्जिनिन संपवणारे औषध दिले तर? लंडनचे पीटर स्लोसारेक यांनी ही कल्पना चिकाटीने पुढे नेली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या चाचणीत एएसएस-१ नसलेलेच ६८ रुग्ण निवडले होते. आजार थोपण्याचा काळ २ महिन्यांवरून ३.२ वर गेला. पुढची मोठी चाचणी पेमेट्रेक्सेड-प्लॅटिनमच्या जोडीला हे औषध देऊन झाली आणि २०२४ साली छापून आली. २४९ रुग्ण, मध्यक आयुर्मान ७.७ वरून ९.३ महिने. अखेर प्रथिनावर बेतलेला उपचार चालला! पण रुग्ण निवडताना या मोठ्या चाचणीत एएसएस-१ मोजलेच नाही. ज्या गाठींत ते बहुधा नसते, अशा सारकोमॅटॉइड आणि मिश्र प्रकारच्या गाठींचे रुग्ण सरसकट घेतले. प्रथिनाची जागा सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशीच्या आकाराने घेतली.

आणि हा आकारच पुन्हा पुन्हा जिंकतो आहे. मेसोथेलिओमाच्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असल्या तर एपिथेलिऑइड, चातीसारख्या लांबट असल्या तर सारकोमॅटॉइड, दोन्ही असल्या तर मिश्र. २०२१ साली ‘चेकमेट ७४३’ या चाचणीचे निकाल आले. ६०५ रुग्णांत निवोलुमॅब आणि इपिलिमुमॅब या प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या जोडीची केमोशी तुलना होती. एकूण मध्यक आयुर्मान १८.१ विरुद्ध १४.१ महिने. पण केमोच्या गटात एपिथेलिऑइडवाले १६.५ महिने जगले आणि बाकीचे अवघे ८.८, नव्या औषधांवर मात्र दोघेही अठरा महिन्यांच्या आसपास. केमो कोणाला कमी पडणार हे इतक्या स्पष्टपणे कुठल्याही प्रथिनाने सांगितलेले नाही. याच चाचणीत पीडी-एल-१ हे प्रथिनही मोजले होते. ते असलेल्यांत नव्या औषधांचा फायदा जास्त ठळक दिसला, नसलेल्यांत जवळपास दिसला नाही. पण हा फरक उपचार ठरवण्याइतका पक्का धरला गेला नाही, आणि औषधांना मान्यता पीडी-एल-१ न पाहताच मिळाली.

पेमेट्रेक्सेडच्या बाबतीत एका खुणेने मात्र नेमके भाकीत केले, आणि तिचे नाव या विषयावरच्या चर्चेत फारसे निघत नाही, कारण ती प्रथिन नाही आणि गाठीतलीही नाही. व्होगेलझँग यांची चाचणी सुरू झाली तेव्हा काही रुग्ण औषधाच्या विषारी परिणामांनी दगावले. एली लिलीमधले संख्याशास्त्रज्ञ क्लेट नियिकिझा यांनी आधीच्या रुग्णांचा हिशेब मांडला, तर रक्तात होमोसिस्टीन वाढलेले असणारे रुग्णच गंभीर त्रासात सापडत होते. होमोसिस्टीन वाढते ते शरीरात फॉलेट किंवा बी-१२ कमी असल्याने. चाचणी चालू असतानाच सर्वांना फॉलिक आम्ल आणि बी-१२ सुरू केले गेले आणि त्रास लक्षणीय घटला. आज पेमेट्रेक्सेडच्या आधी आठवडाभर फॉलिक आम्लाची गोळी आणि दर नऊ आठवड्यांनी बी-१२ चे इंजेक्शन दिल्याशिवाय उपचार होत नाही, आणि होमोसिस्टीन मोजायची गरजही उरलेली नाही. खुणेने कोणाला वगळले नाही. सर्वांचा धोका कमी केला. गाठीतल्या प्रथिनांमागे धावताना रुग्णाच्या रक्ताकडे असेच आणखी कोणी पाहिले असते तर बरे झाले असते, असे राहून राहून वाटते.

आपल्याकडच्या वाचकाला हा सगळा परदेशी मामला वाटेल. तो तसा नाही. ब्रिटनने अ‍ॅस्बेस्टॉसवर १९९९ साली पूर्ण बंदी घातली, अमेरिकेने पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसवर २०२४ साली. भारतात ते अजून आयात होते आणि सिमेंटच्या पत्र्यांत जाते. महाराष्ट्रातल्या चाळी, गोठे, गिरण्यांच्या शेड, शाळांची छपरे यांवर ते पत्रे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी नोकरी लागल्यापासून किमान चाळीस वर्षे किंवा निवृत्तीनंतर पंधरा वर्षे, यांतली जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत ठेवण्याचा आदेश दिला, तो या आजाराची सावकाश चाल ओळखूनच. पण छातीत पाणी झालेल्या रुग्णाला आपल्याकडे पहिली शंका क्षयाची येते, आणि पेशींच्या रंगतपासणीपर्यंत पोहोचण्याआधीच अनेकांचे आयुष्य संपते. इथे भाकिताच्या मार्करआधी निदानाच्या मार्करची निकड आहे: कॅलरेटिनिन, डब्ल्यूटी-१, बॅप-१ हे रंग मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत होतात, तालुक्याच्या ठिकाणाहून तुकडा तिथे पाठवावा लागतो.

दुसरा धोका उलट्या बाजूचा. गाठीचा नमुना पाठवला की डझनभर प्रथिने तपासून ‘ही औषधे चालतील, ही चालणार नाहीत’ असा रंगीत अहवाल देणाऱ्या खासगी तपासण्या बाजारात आहेत. त्यांत टीएस आणि ईआरसीसी-१ ची नावे दिसू शकतात. मेसोथेलिओमाच्या रुग्णाने अशा अहवालावर खर्च करण्याआधी डॉक्टरांना वेगळेच प्रश्न विचारावेत. गाठ एपिथेलिऑइड आहे की सारकोमॅटॉइड, हे बायोप्सीच्या अहवालात लिहिले आहे का? निदान बॅप-१ किंवा एमटॅपने पक्के केले आहे का? प्रतिकारशक्तीची औषधे परवडत आणि चालत असतील तर त्यांचा विचार झाला आहे का? पेमेट्रेक्सेड ठरले असेल तर फॉलिक आम्ल आणि बी-१२ केव्हा सुरू करायचे? पेमेट्रेक्सेडच्या जेनेरिक आवृत्त्या आपल्याकडे मिळतात, तेव्हा निदान या औषधासाठी तरी मूळ कंपनीच्या किमतीचे दडपण राहिलेले नाही. आणि ‘टीएस जास्त आहे’ किंवा ‘ईआरसीसी-१ पॉझिटिव्ह आहे’ एवढ्या कारणावरून कोणी केमो नाकारत असेल, तर दुसऱ्या कर्करोगतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. तसा नकार देण्याइतका पुरावा आजच्या घडीला उपलब्ध नाही.